उसनवारी

कुंभकोणमला मी गेले ती दुभाषी म्हणून. माझा व्यवसाय संगीतशिक्षिकेचा. पुण्यात घरीच गाण्याचे आणि हार्मोनियमचे वर्ग घेते. मोडी वाचायला शिकले ते सासऱ्यांच्या हौसेपायी; निवृत्तीनंतर ते जुने कागद जमवत आणि वाचून दाखवायला घरात कुणीतरी लागे. गाणं आणि मोडी या दोन गोष्टी एका माणसाकडे असणं तसं कमीच, म्हणून एका जर्मन संशोधिकेची विचारणा फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचली. तिचा विषय संगीतशिक्षणाचा इतिहास. संगीताच्या शाळा निघण्याआधी दक्षिणेत कीर्तनकार, हरिकथाकार आपल्या शिष्यांना नेमकं कसं तयार करत, हे तिला शोधायचं होतं. कुंभकोणममधल्या एका मराठी घरात आजोबांच्या हातची वही असल्याचं तिला कळलं होतं. वही बालबोध आणि मोडीत होती. तिला तमिळ उत्तम येत होतं, मराठी नाही. मला तमिळ अजिबात नाही.

मार्गळी महिना होता, म्हणजे आपला साधारण मार्गशीर्ष-पौष. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने पहाटे उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या रस्त्यावर बायका कोलम काढत होत्या आणि एका गल्लीतून भजनाची दिंडी चालली होती. घर महामहम तळ्यापासून जवळ, जुन्या पद्धतीचं. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा, मग लांबच लांब एकामागे एक खोल्या, मध्ये चौक. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, त्यांचा साठीतला मुलगा आणि सून. नातू न्यू जर्सीत. आजींना संशोधिका तमिळ रिवाजाप्रमाणे ‘पाट्टी’ म्हणायची, मी ‘आजी’. घरात मराठी, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन भाषा फिरत होत्या आणि त्यातली एकही सगळ्यांना पुरत नव्हती. मुलाशी ती तमिळमध्ये बोले, आजींशी मी मराठीत, आणि आम्ही दोघी एकमेकींशी इंग्रजीत. चौकात बसलेली सून हे सगळं ऐकून हसायची.

आजींचं मराठी पहिल्या दिवशी मला अर्धंच कळलं. सूर तमिळचा, वाक्य संपताना वर जाणारा. शब्द मात्र कधी कधी माझ्या पणजीच्या तोंडचे. त्यांना माझं मराठी त्याहून विचित्र वाटलं असावं. “तू पुस्तक वाचल्यासारखी का बोलतेस गे?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे असंच बोलतात. त्यांना ते पटलं नाही.

या घरांचा इतिहास मराठी वाचकाला ढोबळमानाने ठाऊक असतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. राज्याबरोबर कारकून, पंडित, पुजारी, कीर्तनकार आले. राज्य गेलं, माणसं राहिली. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात होतेच. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांसारखे कीर्तनकार तिकडे गेले आणि त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (निधन 1903) यांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. आख्यानाची बांधणी, सुरुवातीची पंचपदी, साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग हे सगळं त्यांनी मराठी कीर्तनातून घेतलं आणि कर्नाटक रागतालात मुरवलं. आज तमिळ हरिकथाकार ‘साकी’, ‘दिंडी’ हे शब्द सहज वापरतात. कुंभकोणमच्या आसपासचा मुलूख तर भजनाचाच. गोविंदपुरमला बोधेंद्र सरस्वतींची समाधी आहे, तिरुविसनल्लूर हे श्रीधर अय्यावाळांचं गाव, आणि मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतल्या भजनपद्धतीचा क्रम लावून दिला. त्या क्रमात जयदेवाच्या अष्टपदीबरोबर आपल्या संतांच्या अभंगांनाही जागा आहे. शिकागोच्या मिल्टन सिंगर यांनी 1960च्या सुमारास मद्रासमधल्या भजनमंडळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हीच पद्धत त्यांच्यासमोर होती.

आजींचे आजोबा हरिकथा करत. मोठं नाव नव्हतं; आसपासच्या गावांत, देवळांच्या उत्सवांत त्यांची कथा होई. ते एका मराठी बुवांकडे शिकले होते आणि पुढे स्वतः तिण्णैवर बसून चार-सहा मुलांना शिकवत. वही त्यांची. जमाखर्चाची असते तशी लांबट, कापडी बांधणीची, कडा वाळवीने कुरतडलेल्या. पदं बालबोधीत, सुवाच्य. समासातल्या सूचना मोडीत, भरभर लिहिलेल्या. मधूनमधून दुसऱ्या कुणाच्या हातची तमिळ अक्षरं. मृदंगाच्या साथीदाराची असावीत, कारण ती तालाबद्दल आहेत.

मी मोडी वाचू लागले आणि संशोधिकेची लेखणी थांबेना. पदांमध्ये तिला एवढं स्वारस्य नव्हतं, ती रुक्मिणीस्वयंवराची नेहमीची पदं होती. तिला हव्या होत्या समासातल्या ओळी. “नवशिक्यास प्रथम दिंडी देणे, साकी मागाहून.” “येथे जालरा नको.” “सभा पेंगल्यास हे पद सोडून पुढील घेणे.” “श्वास चौथ्या अक्षरावर, आधी नाही.” दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा असतात, साकीच्या ओळीत अठ्ठावीस, नवशिक्याचा दम एकोणिसात पुरतो, अठ्ठाविसात तुटतो. आजोबांनी हे कारण लिहिलं नव्हतं, पण ज्याने मुलांना गायला शिकवलंय त्याला ते दिसतं. मला ते एकदम दिसलं. आमच्याकडे मुलाला पहिला राग भूप किंवा बिलावल देतात. इथे पहिले धडे मायामालवगौळात, म्हणजे स्वरांनी आपल्या भैरवात. ते पुरंदरदासांनी घालून दिले असं सगळे मानतात. आधी काय आणि मागाहून काय, हा शिक्षकाचा खरा विचार. आणि तो सहसा कुठे लिहिलेला नसतो. या वहीत तो होता.

तिसऱ्या दिवशी कागदपत्रांचा विषय निघाला. संशोधिकेच्या विद्यापीठाचं संमतिपत्र होतं, इंग्रजीत, चार पानी. वहीचं प्रत्येक पान छायाचित्रित करून संग्रहात ठेवायचं, त्यासाठी कुटुंबाची सही हवी. आजींच्या मुलाने पत्र हातात घेतलं आणि टेबलावर ठेवून दिलं. घरात अशा दोन वह्या होत्या, असं त्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, अभ्यासक म्हणवत होते, झेरॉक्स काढून आठवड्यात परत आणतो म्हणून दुसरी वही घेऊन गेले. ती परत आली नाही. फोनही बंद झाला. “ही बाई चांगली आहे,” तो म्हणाला, “पण तेही चांगलेच वाटले होते.”

पत्र आजींना मराठीत समजावून सांगणं हे माझं काम. “कायमस्वरूपी, जगभर, परत न घेता येणारा वापरहक्क” इथपर्यंत मी आले आणि आजींनी हात वर केला. “म्हणजे दान का?” मी म्हटलं, नाही, वही तुमच्याकडेच राहील. “मग गहाण का?” नाही, पैसे नाहीत. “मग भाड्याने?” तेही नाही. माझ्याकडे शब्द संपले. संशोधिकेला विचारलं, ती प्रामाणिक बाई, तीही विचारात पडली. तिच्या कायद्यात वस्तू आणि वस्तूची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी; आजींच्या लेखी गाणं दिलं की दिलं, प्रत कसली. शेवटी आजीच म्हणाल्या, “उसनं म्हण की.”

उसनं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो ते. त्याला व्याज नाही, कागद नाही, पण माप आहे. ज्या वाटीने आणलं त्याच वाटीने परत द्यायचं असतं. शेजारीण मागत नाही, पण विसरतही नाही. मी हे संशोधिकेला इंग्रजीत समजावायला गेले आणि लक्षात आलं की यातली परतफेडीची छटा तिथल्या साध्या शब्दात येत नाही. तिने वहीत ‘उसनं’ हा शब्द देवनागरीत लिहून घेतला. पत्रावर त्या दिवशी सही झाली नाही.

रविवारी आम्हाला सुट्टी मिळाली. संशोधिका शहर दाखवते म्हणाली. परक्या देशातल्या बाईने मला माझ्याच देशातलं गाव दाखवावं, याची आम्हा दोघींनाही गंमत वाटली. रामस्वामी मंदिरात नेलं. बाहेरच्या प्रदक्षिणेच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, पण मला पाहायचं होतं ते आत. तिथला मारुती गदा घेऊन उभा नाही; त्याच्या हाती वीणा आहे. आपल्याकडे शेंदूर फासलेला, पहाड उचललेला मारुती बघायची सवय. हा गाणारा मारुती बघून मी थबकले.

हे देऊळ नायक राजांच्या काळातलं. रघुनाथ नायकाचा प्रधान गोविंद दीक्षित याचा हात त्यामागे होता. महामहम तळ्याच्या काठचे सोळा मंडपही त्याच्याच नावावर सांगतात. हे तळं आपल्या नाशिकच्या जुळ्या भावंडासारखं आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि इथे महामहम. 2015-16 साली दोन्ही होते, आणि पुढचं महामहम 2028 साली आहे. गोविंद दीक्षित कानडी ब्राह्मण, राज्यकारभारात मुरलेला, आणि संगीतात गती असलेला. त्याचा मुलगा वेंकटमखी. त्याने सतराव्या शतकाच्या मध्यास ‘चतुर्दंडी प्रकाशिका’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात बारा स्वरस्थानांतून बहात्तर मेळ गणिताने बांधून दाखवले. त्याच्या काळी त्यातले एकोणीसच प्रचारात होते. बाकीच्यांसाठी त्याने नुसत्या जागा मोकळ्या ठेवल्या.

इथून पुढची गोष्ट मला तोंडपाठ होती, कारण ती आमच्या परीक्षेत यायची. फक्त ती गोष्ट या गावाच्या इतकी जवळची आहे, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. 1904 साली मुंबईचे एक वकील दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. विष्णु नारायण भातखंडे. वय चव्वेचाळीस. त्यांना तमिळ-तेलुगू येत नव्हतं. विद्वानांशी बोलणं होई ते इंग्रजीत किंवा मध्ये कुणीतरी बसून. म्हणजे त्यांच्याही पदरी माझ्यासारखा दुभाषी कुणीतरी असणारच. फिरत फिरत ते एट्टयपुरमला पोचले आणि तिथे सुब्बराम दीक्षितांना भेटले. मुथुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातले हे वृद्ध विद्वान. त्याच वर्षी त्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा थोर ग्रंथ तेलुगूत छापून बाहेर आला होता. त्यांच्याकडून भातखंड्यांना चतुर्दंडीची नक्कल मिळाली.

त्या नकलेचं पुढे काय झालं हे प्रत्येक हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला कळत-नकळत माहीत आहे. बहात्तर मेळांच्या त्या चौकटीतून भातखंड्यांनी उत्तरेच्या रागांसाठी दहा थाट निवडले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे खंड त्यांनी मराठीत, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिले. 1926 साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं आणि थाटपद्धती तिथल्या फळ्यावर गेली. पुढे श्रीलंकेचे सिंहली संगीतकार लखनौला शिकायला येऊ लागले. अमरदेवांसारखा मोठा गायक-संगीतकार तिथलाच विद्यार्थी. 1952 साली प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर रेडिओ सिलोनच्या कलावंतांची परीक्षा घ्यायला कोलंबोला गेले. कावेरीच्या खोऱ्यातून सिलोन किती जवळ! पण वेंकटमखीचा विचार तिथल्या सिंहली गायकांपर्यंत गेला तो एट्टयपुरम, मुंबई, लखनौ असा अर्धा हिंदुस्थान पालथा घालून.

हे उसनं फिटलं का? देवळाच्या मंडपात बसून मी स्वतःलाच विचारत होते. भातखंड्यांनी वेंकटमखीचं ऋण नाव घेऊन मान्य केलं. त्यात त्यांनी कसूर केली नाही. 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा तंजावरहून अब्राहम पंडितर आपल्या मुलींना घेऊन आले आणि श्रुतींविषयीचं आपलं मत त्यांनी तिथे मांडलं. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही वाटांनी होत होती, भांडणासकट. पण दहा थाटांच्या चौकटीत न बसणाऱ्या रागांवरून आजही आमच्याकडे वाद होतात, आणि बहात्तरांची गणिती चौकट दहांवर आणताना काय हरवलं याची चर्चा दक्षिणेत मी अनेकदा ऐकली. वाटी नेली एका मापाची, परत केली दुसऱ्या मापाची. तरी मला वाटतं, ती नक्कल भातखंड्यांनी नुसती कपाटात ठेवली असती, तर तक्रार करायलाही कुणी उरलं नसतं.

असं म्हणायला तंजावरचंच उदाहरण आहे. सरफोजी राजे (1798 ते 1832) हे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीत वाढलेले. त्यांना जगातलं सगळं हवं असे: वैद्यकाची पुस्तकं, शरीरशास्त्राची चित्रं, छपाईचं यंत्र, पाश्चात्त्य वाद्यं. मुलांना जगाचा भूगोल कळावा म्हणून त्यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. त्यात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, गाण्यातून खंडं आणि देश सांगते. राजवाड्यात त्यांनी युरोपीय पद्धतीचा बँड ठेवला होता आणि सरस्वती महालात पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीचे कागदही आहेत. अभ्यासकांना त्याचं अप्रूप आहे.  पण बँडचं ते संगीत तंजावरच्या गल्लीत कुणी गात नाही.

त्याच काळात आलेल्या व्हायोलिनचं मात्र उलटं झालं. मुथुस्वामी दीक्षितांचे भाऊ बालुस्वामी ते युरोपीय वादकाकडून शिकले, तंजावर बंधूंपैकी वडिवेलूंनी त्यात नाव केलं, आणि बघता बघता ते मांडी घालून बसलं, खाली टेकलं, गमक घेऊ लागलं. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल होत नाही. मुथुस्वामींनी गोऱ्यांच्या बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बांधले, त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. लहान मुलांना ती गाणी अजून शिकवतात. कारण एकच दिसतं. जे शिकवण्यात गेलं ते जगलं. आणि जुळणी कशी बघा: बालुस्वामींनी आपल्या मुलीच्या मुलाला दत्तक घेतलं, तेच हे सुब्बराम दीक्षित. ज्या घराने व्हायोलिन घेतलं, त्याच घराने भातखंड्यांना बाड दिलं. घेणाऱ्याचाच हात पुढे देणारा झाला.

सोमवारी आम्ही परत तिण्णैवर. मी आजींना या सगळ्यातलं थोडंसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा तो मुद्दा काढला. “वहीत चाली कुठे आहेत?”

खरंच नव्हत्या. रागाचं नाव होतं, तालाचं होतं, श्वासाची जागा होती, चाल नव्हती. ती शिष्याच्या गळ्यात जायची, कागदाला तिची गरज नव्हती. आणि ते शिष्य कुणी उरले नव्हते. उरल्या होत्या आजी. त्या शिष्य नव्हत्या. मुलं तिण्णैवर बसत, ही नात आतल्या खोलीत दाराआड बसून जालऱ्याच्या तालावर ओठ हलवी. सी. सरस्वतीबाईंसारख्या स्त्रिया तेव्हा मोठमोठ्या सभांत उभ्या राहून हरिकथा करत होत्या, पण ते मद्रासचं. या घरात मुलीने गायचं ते देवापुढे आणि पाळण्याशी. आजोबांनी तिला कधी शिकवलं नाही. वहीत शिष्यांची नावं आहेत, पाच. तिचं नाही. संशोधिकेने हे ऐकलं तेव्हा ती बराच वेळ काही लिहीत नव्हती. तिच्या प्रबंधाचा अर्धा भाग दाराच्या या बाजूला बसून होता.

मग आजींनी आपली अट सांगितली. फोटो काढा, हवे तेवढे. पण आधी तीन पदं दोघींनी शिकायची. रेकॉर्ड करून न्यायची नाहीत, शिकायची. त्यांना येतील असं त्या म्हणतील तेव्हा सही.

संशोधिकेकडे सहा दिवस होते आणि महागडं ध्वनिमुद्रण यंत्र. तिने यंत्र बंद करून पिशवीत ठेवलं आणि मांडी घातली. ते दिवस मला फार जड गेले. तीस वर्षं दुसऱ्यांना ‘पुन्हा म्हण’ म्हणणारी मी, मला दिवसात चाळीस वेळा ‘पुन्हा म्हण’ ऐकावं लागलं. साकी मला येते अशी माझी समजूत होती. नाट्यगीतांतून ऐकलेली साकी कुणाला येत नाही? आजींची साकी वेगळीच. मात्रा त्याच अठ्ठावीस, पण चाल सिंधुभैरवीत डुलत उतरणारी, आणि बाराव्या मात्रेनंतर एक थांबा, जिथे माझा गळा सवयीने पुढे धावे. हार्मोनियमच्या पट्टीवर घोटलेला माझा गंधार त्यांना उघडा वाटे. “झाकून घे,” त्या म्हणत. संशोधिकेची अडचण दुसरी. तिचा सूर माझ्यापेक्षा मोकळा, पण ‘ळ’ आणि ‘ण’ जमेना, आणि आजी शब्द बिघडला की पद पहिल्यापासून सुरू करायला लावत. रात्री खोलीवर आम्ही दोघी एकमेकींना ऐकवत बसायचो. ती मला तो थांबा मोजून दाखवी, मी तिला ‘ळ’.

परदेशी माणसाने असं बसून शिकणं इथे नवीन नाही. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात 1960च्या दशकापासून टी. विश्वनाथन आणि टी. रंगनाथन या भावांसारखे तमिळ कलावंत शिकवत आले. त्यांच्याकडे शिकलेले जॉन हिगिन्स तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायले आणि लोकांनी त्यांना प्रेमाने ‘भागवतर’ म्हटलं. ओसाकाचे योशिताका तेरादा यांनी नागस्वर वाजवणाऱ्यांमध्ये राहून त्यांच्या कलेचा आणि समाजातल्या स्थानाचा अभ्यास केला. आणि ते वाद्य घडवणाऱ्यांचं नरसिंगमपेट्टै हे गाव कुंभकोणमपासून हाकेच्या अंतरावर आहे. या सगळ्यांनी अभ्यासाच्या आधी किंवा अभ्यासाबरोबर आपला वेळ दिला. आजींनी मागितलं ते यापेक्षा निराळं नव्हतं. फरक इतकाच, की त्यांच्याकडे पदवी देणारं विद्यापीठ नव्हतं, आणि तरी परीक्षा होती.

पाचव्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, दोन आली, तिसरं पुढे बघू. मग सगळे पत्राभोवती बसलो. संशोधिकेने विद्यापीठाला आधीच दोन-तीन मेल केले होते. ‘परत न घेता येणारा’ हे शब्द गेले. वही घरीच राहील. छायाचित्रांचा एक संच कुटुंबाकडे, एक विद्यापीठाकडे. व्यापारी वापर करायचा तर पुन्हा विचारायचं. मोडी सूचनांचं बालबोध आणि तमिळ लिप्यंतर घरी द्यायचं, ते काम माझं. आणि संग्रहाच्या नोंदीत आजोबांच्या नावाखाली आजींचंही नाव, चाली त्यांच्याकडून घेतल्या म्हणून. शेवटचा मुद्दा आजींच्या मुलाने सुचवला. आजी म्हणाल्या, कशाला ते. पण खोडला नाही.

निघण्याच्या सकाळी मी सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं रामानुजनांचं घर पाहून आले. लहानसं, आता जपलेलं. त्यांच्या आई देवळात भजन गायच्या. त्यांच्या वह्यांची छायाप्रत 1957 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने काढली. आणि केंब्रिजला राहिलेली शेवटच्या वर्षातली पानं 1976 साली जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात सापडली. तोवर जवळपास पन्नास-साठ वर्षं ती नुसतीच होती. ओट्यावर उभी राहून मी हिशेब करत होते, की आमची वही किती वर्षं नुसतीच होती. साधारण तितकीच.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. लिप्यंतर पुरं झालं, घरी पोचलं. न्यू जर्सीतली पणती चेन्नईच्या एका बाईंकडे व्हिडिओवर कर्नाटक संगीत शिकते. तिला देवनागरी येत नाही, म्हणून तमिळ प्रत तिच्या बापाने तिला वाचून दाखवली. संशोधिकेने आपल्या वर्गात आठ विद्यार्थ्यांना दिंडी शिकवली आणि त्यांचे प्रश्न पाठवले. एकाने विचारलं होतं, शेवटच्या ओळीआधी गायक थांबतो का? मी ते फोनवर आजींना मराठीत विचारलं. “समोरच्याला ओळ ठाऊक असते,” त्या म्हणाल्या. “त्याला म्हणायला जागा नको का?” मी उत्तर इंग्रजीत करून पाठवलं.

मी माझ्या वर्गात साकी बसवते आहे. पुण्याच्या मुली हुशार, पण सगळ्यांचे गळे माझ्यासारखेच बाराव्या मात्रेवर पुढे धावतात. गेल्या महिन्यात त्यांचं गाणं मुद्रित करून आजींना ऐकवलं. शब्द छान, असं म्हणाल्या. दुसऱ्या ओळीतला थांबा नाही, पुन्हा पाठव. पुढच्या रविवारी पाठवायचं आहे.